उंबऱ्याबाहेरचा बाप

आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, मी एकदा विचारलं होतं, "आबा, तुमचं पहिलं लेकरू गेलं तेव्हा नेमकं काय झालं होतं?"

आबा बाजेवर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. हात न थांबवता म्हणाले, "मला काय म्हाईत? म्या भाईर व्हतो."

त्यांना त्याचं काही वाटलं नाही असं नाही. सुपारी कातरून झाल्यावर ते बराच वेळ ती हातातच धरून बसले होते. पण सांगण्यासारखं त्यांच्याकडे खरंच काही नव्हतं. जे घडलं ते आजीनं सांगितलं.

साल १९६४, बीड जिल्ह्यातलं आमचं गाव. आजीला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी न होता सासरीच झालं. सुईण आली, तिनं विळ्यानं नाळ कापली, नाळेवर राख लावली. मुलगा झाला. पाचवी पुजली, सटवाईपुढं कोरा कागद ठेवला. सातव्या दिवशी बाळ दूध ओढेनासं झालं. मग जबडा आवळला, अंग ताठ व्हायला लागलं. आतल्या बायकांनी दृष्ट काढली, अंगारा लावला. रात्री उशिरा कुणीतरी अंगणात झोपलेल्या आबांना सांगितलं, "पोरगं पीत न्हाई." आबांनी विचारलं, "लई हाय का?" आतून उत्तर आलं, "बघू सकाळपर्यंत." सकाळी बैल जुंपले. तालुक्याचं गाव सात कोस. गाडी ओढ्यापर्यंत पोचायच्या आतच बाळ गेलं होतं.

डॉक्टर असलेल्या एका मैत्रिणीला मी ही लक्षणं सांगितली. ती लगेच म्हणाली, नवजात बाळाचा धनुर्वात. गाडी रात्रीच निघाली असती तरी त्या काळात ते बाळ वाचलं असतंच असं नाही, असंही ती म्हणाली. ते मला मान्य आहे. पण त्या रात्रीच्या मांडणीनं माझा पिच्छा सोडला नाही. आबांच्या हातात बैल होते, पैसे होते, निघायचं की थांबायचं हे ठरवायचा अधिकार होता. आत काय चाललंय हे मात्र त्यांना दिसत नव्हतं. आणि ज्या बायकांना ते दिसत होतं, त्यांच्या हातात बैल नव्हते.

गावाकडचा बाप आणि बाळंतपण या विषयावर मी वाचत गेलो तसतशी हीच मांडणी पुन्हापुन्हा समोर आली. बापाकडे निर्णय होता, काम नव्हतं. शंभर-सव्वाशे वर्षांत घर बदललं, दवाखाने आले, कायदे आले. ही मांडणी मात्र फार चिवट निघाली.

बाहेरची कामं

आपल्याकडे बाळंतपणात बापाला काहीच काम नव्हतं असं म्हणणं अर्धवट होईल. कामं होती, पण सगळी बाहेरची. सुईणीला बोलवायला रात्री कंदील घेऊन जायचं. बाजेखालच्या शेगडीसाठी गोवऱ्या, लाकडं आणायची. डिंक, खोबरं, खारीक, अळीव आणायचे. बाईला कळा सुरू झाल्या की अंगणात नाहीतर पारावर जाऊन बसायचं. सोयर दहा दिवसांचं. बाळंतिणीच्या खोलीत उजेड कमी, वारा नाही, धुरी आणि शेकाचा वास. त्या खोलीत पुरुषानं डोकवायचं नाही. बाराव्या दिवशी बारसं झालं की मग बाप बाळाकडे नीट बघणार, तेही वडीलधारी माणसं समोर नसताना. स्वतःच्या लेकराला चारचौघांत मांडीवर घेणं अनेक घरांत उद्धटपणाचं समजलं जायचं.

त्यात आपली माहेराची रीत. पहिलं बाळंतपण माहेरी. बाईसाठी ती मोठी सोय होती. आईचं घर, ओळखीची माणसं, कामातून थोडी सुटका. पण त्यामुळे बाप नुसता दाराबाहेरच नाही, तर दुसऱ्याच गावात असायचा. मुलगा झाला की मुलगी, ही बातमी त्याच्याकडे पेढ्यांच्या किंवा जिलबीच्या रूपात पोचायची. बाळ आजारी पडलं तर निरोप पोचायला दोन दिवस, आणि तो येईपर्यंत "जावईबापूंना विचारल्याशिवाय कसं न्यायचं" म्हणून थांबलेले मामा.

हे जगभर असंच होतं असंही नाही. मद्रासच्या सरकारी संग्रहालयाचा अधीक्षक एडगर थर्स्टन यानं १९०९ साली दक्षिण भारतातल्या जातीजमातींवर सात खंड प्रसिद्ध केले. त्यात कोरवा किंवा येरुकला समाजाची एक प्रथा नोंदवली आहे. बायकोला कळा सुरू झाल्या की नवरा तिचे कपडे अंगावर घ्यायचा आणि अंधाऱ्या खोलीत पांघरूण घेऊन पडून राहायचा. बाळ जन्मलं की ते त्याच्या शेजारी निजवायचे. इंग्रज अधिकाऱ्यांना ही गंमत वाटली आणि त्यांनी ती गंमत म्हणूनच लिहून ठेवली. अशा प्रथा जगात इतरत्रही सापडल्या आहेत. त्यामागचा अर्थ काय यावर अभ्यासक अजून वाद घालतात. मला त्यातून एवढंच दिसतं की बापाची जागा बाहेर असणं हा काही निसर्गनियम नव्हता. कुठल्या समाजानं त्याला कुठं बसवायचं ठरवलं, एवढाच तो प्रश्न होता.

१९९४ साली सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन संशोधकांनी बाळंतपणातल्या मृत्यूंमागे तीन प्रकारचे उशीर असतात अशी मांडणी केली. पहिला उशीर घरात निर्णय घ्यायला. दुसरा दवाखान्यात पोचायला. तिसरा दवाखान्यात पोचल्यावर उपचार मिळायला. आज आशाताईंच्या प्रशिक्षणातही हे तीन उशीर शिकवतात. मी ते पहिल्यांदा वाचले तेव्हा मला आमचं अंगण आठवलं. पहिला उशीर रात्रभराचा, दुसरा सात कोसांचा. तिसऱ्या उशिरापर्यंत आमची गाडी पोचलीच नाही.

कल्याणचं बाळ

मराठी इतिहासात एका बाळाच्या मृत्यूनं बरंच काही घडवलं. कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असताना बाळंत झाल्या. बाळ दहा दिवस जगलं. वैद्यकीय मदत मिळाली असती तर ते वाचलं असतं, ही बोच घेऊन त्या पुढे अमेरिकेत गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. प्रबंधाचा विषयही त्यांनी प्राचीन आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र असा निवडला. १८८७ च्या फेब्रुवारीत, बाविसाव्या वर्षाच्या आतच, त्या गेल्या.

ही गोष्ट आपल्याला पाठ असते. त्या बाळाच्या बापाचा विचार आपण कमी करतो. गोपाळराव पोस्टात नोकरीला होते, विक्षिप्त होते, बायकोच्या शिक्षणासाठी हट्टाला पेटलेले होते, प्रसंगी तिच्यावर हातही उगारणारे होते. मूल गेल्यानंतर त्यांनी बायकोला डॉक्टर करायचं ठरवलं. त्या काळात हे धाडसच होतं. पण इथंही बापाचा हात निर्णयातच होता. शिकायचं, समुद्र ओलांडायचा, थंडीत कुडकुडायचं, हे सगळं तिनं केलं. एकोणिसाव्या शतकातल्या बऱ्याच सुधारक पुरुषांची गोष्ट अशीच आहे. त्यांनी दार उघडलं, आणि उघडलेल्या दारातून बायकांनी जावं असं ठरवलं. स्वतः आत जायचं फारसं कुणाच्या मनात आलं नाही.

सरकार बापाला शोधत आलं

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीनं आपला अहवाल दिला. १९३७ साली ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी १६२ बाळं वर्षाच्या आत मरत होती, हे त्यात नोंदवलं आहे. गावोगाव प्राथमिक आरोग्य केंद्रं असावीत ही कल्पना याच अहवालातली. १९५२ पासून समुदाय विकास योजनेबरोबर ती उभी राहू लागली. त्याच वर्षी सरकारचा कुटुंब नियोजनाचा कार्यक्रमही सुरू झाला.

आणि इथं खेड्यातल्या बापाला सरकारनं पहिल्यांदा आरोग्याच्या कामासाठी बोलावलं. कशासाठी? नसबंदीसाठी. लाल त्रिकोण भिंतीभिंतींवर आला. त्या काळात पुरुष नसबंदी हीच मुख्य शस्त्रक्रिया होती, कारण ती सोपी होती आणि शिबिरात झटपट होत होती. लक्ष्यं ठरली. तलाठी, शिक्षक, ग्रामसेवक यांच्यामागे ती लावली गेली.

मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यातल्या ६० लाखांहून जास्त पुरुषांच्या होत्या. तीन मुलांनंतर सक्तीची नसबंदी करणारं विधेयक १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळानं मंजूरही केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते अमलात आलं नाही. आमच्या गावात त्या वर्षी जीप दिसली की पुरुष उसात पळायचे, असं आबा सांगायचे. ही गोष्ट मात्र त्यांना तपशिलात ठाऊक होती, कारण पळणाऱ्यांत तेही होते.

१९७७ च्या निवडणुकीत सरकार पडलं. 'कुटुंब नियोजन' हे नाव जाऊन 'कुटुंब कल्याण' आलं. आणि आरोग्य खात्यानं पुरुषाचा नाद सोडला. शिबिरं पुन्हा भरू लागली ती बायकांची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या विवाहित जोडप्यांमध्ये स्त्री नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के आहे. पुरुष नसबंदीचं ०.३ टक्के.

याच सुमाराला खात्याच्या रचनेतही एक भिंत पक्की झाली. कर्तारसिंग समितीच्या १९७३ च्या शिफारशींनंतर गावपातळीवर बहुउद्देशीय कर्मचारी आले, एक स्त्री आणि एक पुरुष. प्रत्यक्षात गरोदर बाई, बाळंतीण, बाळ हे सिस्टरबाईंच्या वाट्याला आलं आणि हिवतापाच्या रक्ताच्या काचा, पाण्यात टीसीएल टाकणं हे आरोग्यसेवकाच्या वाट्याला. म्हणजे गावातल्या पुरुषांशी बोलणारा जो एक सरकारी माणूस होता, त्याच्याकडे बाळंतपण हा विषयच नव्हता. योजनांची नावंही बघा: माता-बाल संगोपन, माता-बाल संरक्षण कार्ड. त्या नावात दोनच माणसं मावतात.

नवजात बाळाचा धनुर्वात मात्र या काळात हटला. गरोदर बाईला टीटीचं इंजेक्शन आणि 'पाच स्वच्छता': स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ ब्लेड, स्वच्छ दोरा, स्वच्छ नाळ. भारतातून माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं २०१५ साली जाहीर झालं. या पाच गोष्टींची यादी मी वाचतो तेव्हा मला साबण, ब्लेड आणि दोरा दिसतात. तिन्ही आठवडी बाजारात मिळणाऱ्या, आणि आमच्याकडे बाजार पुरुष करायचे. आबांनी डिंक आणला होता, खोबरं आणलं होतं. ब्लेड आणायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना किंवा आतल्या बायकांना ते सांगायला कुणी आलंच नव्हतं.

जामखेड आणि गडचिरोली

आमच्या गावापासून जामखेड फार लांब नाही. तिथं १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर जोडप्यानं काम सुरू केलं. दवाखाना उघडून बसलं की लोक येतील ही समजूत त्यांनी लवकर सोडली. गावातल्या पुरुषांना हवं होतं पाणी आणि शेतीचं काहीतरी. आरोळ्यांनी तिथूनच सुरुवात केली. गावोगाव शेतकऱ्यांची मंडळं उभी राहिली. वेगवेगळ्या जातींचे पुरुष एकत्र बसू लागले. पाणी, झाडं, पिकं यांच्या गप्पांत बाळांचं वजन आणि बाळंतपण हे विषयही आले. गावातल्याच बायका आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. त्यांतल्या अनेक दलित होत्या, अनेकींना लिहितावाचता येत नव्हतं. अशा बाईचं म्हणणं गावानं ऐकायचं, तर गावातल्या पुरुषांची तयारी आधी व्हायला हवी होती. पुरुष मंडळात बसले होते म्हणून त्यांच्या घरात ती शिरू शकली, असं मला वाटतं. १९७९ साली या जोडप्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. त्यांनी आधी मोजलं. १९९५-९६ मध्ये ३९ गावांत जन्मलेल्या ७६३ बाळांवर पहिले २८ दिवस घरी जाऊन लक्ष ठेवलं. निम्म्याहून जास्त बाळांना उपचारांची गरज पडली. प्रत्यक्षात वैद्यकीय माणसापर्यंत पोचली ती शंभरातली तीनसुद्धा नाहीत. चाळीस बाळं गेली.

यावर त्यांनी काढलेला मार्ग साधा होता. बाळ दवाखान्यात जात नसेल तर उपचार घरी न्यायचे. गावातल्याच थोड्या शिकलेल्या बाईला 'आरोग्यदूत' म्हणून तयार केलं. ती बाळंतपणाला सुईणीबरोबर हजर राहायची, बाळाला ऊब द्यायला शिकवायची, वजन करायची, श्वास मोजायची, जंतुसंसर्ग दिसला तर औषध आणि इंजेक्शन द्यायची. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात मृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानानं, ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. २०११ साली हीच पद्धत राष्ट्रीय कार्यक्रम झाली. आशाताई आज बाळंतिणीकडे ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात ते त्यातूनच.

गडचिरोलीच्या प्रयोगाकडे मी आबांच्या अंगणातून बघतो तेव्हा एक गोष्ट ठळक दिसते. बंद खोलीत काय चाललंय ते त्यांनी मोजता येईल असं केलं. "पोरगं पीत न्हाई" आणि "बघू सकाळपर्यंत" यांच्या मधली धूसर जागा आकड्यांनी भरली. दोन महिन्यांच्या आतलं बाळ शांत असताना मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल तर ते आजारी असू शकतं. दूध ओढत नसेल, अंग लुळं पडलं असेल किंवा ताठलं असेल, हातापायांना गार लागत असेल किंवा ताप असेल, छाती आत ओढली जात असेल, तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. हे कळायला बाई असावं लागत नाही. तुमच्या हातात आत्ता जो फोन आहे त्यात घड्याळ आहे.

कोपीतलं बाळंतपण

बापानं आत पाऊल टाकलेला आमच्या घरातला पहिला माणूस म्हणजे माझे धाकटे चुलते, तात्या. ते काही सुधारक वगैरे नव्हते. त्यांच्याकडे दारच नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळानंतर आमच्या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्यांची संख्या वाढत गेली. दिवाळीच्या आसपास गाड्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. मुकादम उचल देतो ती माणशी देत नाही, जोडप्याला देतो. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकट्या माणसाचा अर्धा कोयता. बायको कामावर आली नाही तर खाडा पडतो आणि तो उचलीतून कापला जातो. त्यामुळे दिवस भरत आले तरी बाई मोळ्या डोक्यावर घेऊन चढते. कारखान्याच्या नोंदीत नवरा-बायको इतके एकजीव आहेत, तेवढे आपल्या कुठल्याही आरोग्य कार्डावर नाहीत.

१९९४ च्या हंगामात काकूला कोपीत कळा सुरू झाल्या. रात्र होती. माहेर दोनशे किलोमीटरवर. शेजारच्या कोपीतली एक म्हातारी आली, पण तिला रात्रीचं दिसत नव्हतं. ती तात्यांवर खेकसली, "तोंड वळवून काय हुबा ऱ्हायलास? बॅटरी धर!" तात्यांनी बॅटरी धरली. नंतर पाणी तापवलं, नवं ब्लेड उकळलं, बाळ पुसलं, चादरीत गुंडाळून छातीशी धरलं, कारण म्हातारीचे हात काकूला सांभाळण्यात अडकले होते.

तात्या हे अजूनही फार बोलत नाहीत. पण एकदा म्हणाले होते, "त्या रात्रीपस्तोर मला वाटायचं, बायका उगं आरडत्यात."

काकूला चार दिवस विश्रांती मिळाली. त्या चार दिवसांचे खाडे उचलीतून कापले गेले. शहाण्या झालेल्या बापालाही ते थांबवता आलं नाही, हेही इथं लिहायला हवं. मुंबई प्रांतात १९२९ सालीच मातृत्व लाभाचा कायदा झाला होता, पण तो कारखान्यातल्या बायकांसाठी. केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला १९९७ पासून १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. उसाच्या फडात या दोन्हींपैकी काहीच पोचलं नाही.

दवाखान्याचा उंबरा

२००५ साली जननी सुरक्षा योजना आली, आशाताई आल्या. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ ची गाडी आली. २०१९-२१ च्या सर्वेक्षणानुसार राज्यातली जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. २०१८-२० मध्ये महाराष्ट्रातलं माता मृत्यूचं प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ पर्यंत खाली आलं होतं. मेळघाटात, नंदुरबारमध्ये, गडचिरोलीत अजूनही झोळी करून बाईला रस्त्यापर्यंत आणावं लागतं. तरी एकूण बदल फार मोठा आहे.

मात्र बापाच्या बाबतीत गंमत झाली. घरचा उंबरा गेला आणि दवाखान्याचा आला. पिवळ्या पट्टीबाहेरच्या बाकावर तो बसलेला असतो. आतून कुणीतरी येऊन विचारतं, "पेशंटचा नवरा कोण?" तो उठतो. त्याला एक तर औषधाची चिठ्ठी मिळते, नाहीतर सही करायचा कागद. सिझेरियनच्या कागदावर नवऱ्याची सही घेणं ही आपल्याकडची रूढी आहे. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाची संमती तिची स्वतःचीच लागते, हे सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलं आहे. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यातही सज्ञान बाईची एकटीची संमती पुरते. तरी कागद बाहेर येतोच. मातृवंदना योजना २०१७ साली आली तेव्हा पहिल्यांदा नवऱ्याचं आधार कार्ड मागितलं जायचं. निर्णय पुन्हा बाहेर, काम पुन्हा आत.

२०१६ साली केंद्र सरकारनं सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीला माणूस ठेवायला मुभा दिली. मुख्यतः ही सोबत बाईची. पण खाजगीपणा राखता येत असेल तिथं नवऱ्यालाही थांबता येतं. बहुतेक ठिकाणी एकाच खोलीत तीन-चार बायका असतात, मध्ये पडदेही नसतात, त्यामुळे ही सोय कागदावर राहते. त्यात सिस्टरना दोष देऊन उपयोग नाही. दुसऱ्या बाईचा नवरा आपल्यासमोर उभा असावा असं कुठल्याही बाळंतिणीला वाटणार नाही.

इथं एक सावधगिरीही हवी. बापाचा सहभाग वाढवा म्हटलं की काही ठिकाणी त्याचा अधिकारच वाढतो. तपासणीला तोच बोलतो, किती मुलं हवीत ते तोच सांगतो, आणि जी बाई एरवी सिस्टरला मारहाणीबद्दल सांगू शकली असती ती गप्प बसते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली पुरुषांच्या सहभागाची शिफारस केली ती याच अटीवर, की त्यात बाईचा निर्णय, तिची इच्छा आणि सुरक्षितता यांना धक्का लागू नये. तिला विचारून, तिला हवं असेल तरच. बापाकडे निर्णय आधीपासूनच भरपूर आहे. त्यानं आता काम घ्यायचं आहे.

छातीवरचं बाळ

१९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात, काचेच्या पेट्या कमी पडत होत्या म्हणून एडगर रे या डॉक्टरांनी कमी वजनाची बाळं आईच्या छातीवर उघड्या अंगाला बांधून ठेवायला सुरुवात केली. कांगारू पद्धत म्हणून ती जगभर गेली. ऊब द्यायला आईचीच छाती हवी असं नाही, बापाचीही चालते. २०१७ पासून आपल्या सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार नवजात अतिदक्षता कक्षात घरच्या माणसांना, बापालाही, बाळाची काळजी घ्यायला शिकवून आत घेता येतं.

२०१९ साली माझ्या चुलतभावाची बायको आठव्या महिन्यातच बाळंत झाली. बाळ सोळाशे ग्रॅमचं. ती स्वतः रक्तदाबानं पडून होती. सिस्टरनी भावाला आत बोलावलं, हात कोपरापर्यंत धुवायला लावले, शर्ट काढायला सांगितलं आणि बाळ त्याच्या छातीवर बांधलं. रोज सहा-सात तास तो खुर्चीत तसाच बसायचा. तात्या डबा घेऊन यायचे आणि काचेतून बघत उभे राहायचे.

एका संध्याकाळी मी तिथं होतो. गावाहून आजीचा फोन आला. तिनं सवयीनं विचारलं, "तिथं कोण बाई मानूस हाय का? लेकराचं इचारायचंय."

भाऊ म्हणाला, "मला इचार की." मग त्यानं सांगितलं, वजन वीस ग्रॅमनं वाढलंय, दर दोन तासांनी वाटी-चमच्यानं आईचं दूध देतात, आज स्वतः ओढायचा प्रयत्न केला, श्वास मघाशी मोजले तर बावन्न होते.

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग आजी म्हणाली, "तुला रं कसं म्हाईत एवढं?"

"अगं, माझ्याच अंगावर हाय की ते," भाऊ म्हणाला, आणि बाळाची टोपी सारखी करू लागला.